मागून उतरवलेल्या पिकअपचा सेंटर बोल्ट वारंवार का तुटतो

जुनी पिकअप घेतली की पहिली तक्रार ठरलेली असते: मागून फार उंच आहे, रिकामी असली की उडते. मालक पाटेवाल्याकडे जातो, स्प्रिंगच्या गठ्ठ्यातले एक-दोन पाटे (पोलादी पट्ट्या) काढून घेतो, गाडी दोन-तीन इंच खाली येते आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. मग काही आठवड्यांत सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्यांचा गठ्ठा मधोमध जोडणारा बोल्ट, तुटतो. नवा टाकला की तोही तुटतो. कुणाची गाडी तिरकी चालायला लागते, कुणाच्या गाडीला साठच्या पुढे हादरे बसतात, कुणी पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला की मागचं अंग सरकतं. दर वेळी तुटलेली वस्तू बदलली जाते आणि गाडी परत गॅरेजच्या दारात उभी.

आळेफाटा, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात टोमॅटो, कांदा, भाजीपाला सगळा पिकअपवर चालतो, त्यामुळे अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात. त्या बघून माझं एक मत पक्कं झालंय. जास्त मालासाठी गाडी मागून वर चढवताना आधीच्या मालकाने नुसते पाटे वाढवलेले नसतात. यू-क्लॅम्प (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) लांब घेतलेले असतात, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) बदललेले असतात, गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टच्या सेंटर बेअरिंगला पॅकिंग दिलेलं असतं, ब्रेकची दांडी ओढून जुळवलेली असते. उतरवताना आपण फक्त पाटा काढतो. बाकीचं सगळं जुन्याच उंचीला राहतं आणि तेच एकामागून एक त्रास देतं. म्हणून तुटलेला बोल्ट बदलण्याआधी हे सगळं एकदा तपासून घ्या.

उतरवायची गरज आहे का?

रिकाम्या पिकअपचं मागचं अंग पुढच्यापेक्षा उंच असणं हा दोष नाही. गाडी मालासाठी बनवलेली आहे. पासिंगइतका, म्हणजे कागदावर मंजूर तेवढा, माल भरल्यावर ती साधारण सपाट बसावी, अशा हिशोबाने कंपनी पाट्याला कमान देते. रिकामी गाडी पुढे-मागे एका रेषेत दिसावी म्हणून उतरवली, तर भरल्यावर तिचा अ‍ॅक्सल थेट बंपच्या रबरावर (चेसिसखालच्या, धक्का झेलणाऱ्या रबरावर) जाऊन बसणार. दिसायला देखणी म्हणून उतरवलेल्या गाड्यांचं चेसिस हँगरजवळ, म्हणजे पाट्याचं टोक टांगलेलं असतं तिथे, चिरलेलं मी पाहिलंय. मालवाहू गाडी कंपनीच्या उंचीच्या खाली नेऊ नका, हे माझं स्पष्ट सांगणं आहे. उतरवायची ती मूळ उंचीपर्यंतच.

मूळ उंची कळणार कशी? मॅन्युअल असेल तर उत्तम. नसेल तर त्याच मॉडेलची, हात न लावलेली गाडी शोधा आणि तिची मापं घ्या. गावात एखादी तरी असतेच.

मापं घेताना घाई नको. जागा सपाट हवी. पेट्रोल पंपाचं काँक्रीट चालतं, रस्त्याची कड चालत नाही, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो आणि चांगली गाडीही तिथे डावीकडे झुकलेली दिसते. चारी टायरची हवा मापात करा. मग मागच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत टेप धरा, दोन्ही बाजूंनी. बंपच्या रबरापासून अ‍ॅक्सलपर्यंत किती जागा आहे ते मोजा. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतरही दोन्ही बाजूंनी घ्या. ही सगळी मापं एकदा रिकाम्या गाडीची आणि एकदा नेहमीचा माल भरून. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्याल तेव्हा पूर्ण गाडीचं वजन झाल्यावर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून आणखी एक पावती घ्या. मागच्या अ‍ॅक्सलवर खरं किती ओझं येतंय ते त्यात कळतं, आणि मालकाने तोंडी सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते बहुधा जास्तच निघतं.

कोणता पाटा काढायचा

इथे थोडं गणित आहे, पण कामाचं आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी १० मिलिमीटरचा घेतला, तर जाडी सव्वापट झाली पण कडकपणा जवळजवळ दुप्पट. आता समजा मूळ गठ्ठ्यात ८ मिलिमीटरचे ५ पाटे होते आणि कुणी त्यात १० मिलिमीटरचा एक चढवला. बघणाऱ्याला वाटतं पाचाचे सहा झाले. ढोबळ हिशोबाने ते सातच्या बरोबरीचे होतात, म्हणजे ४० टक्के जास्त कडक. मूळ गठ्ठा पूर्ण मालाखाली ७० मिलिमीटर दबत असेल तर हा ५० मिलिमीटरच दबतो. रिकामी गाडी का उडते आणि क्रेटच्या तळातले टोमॅटो का फुटतात, ते या आकड्यांत आहे.

म्हणून पाटे मोजून भागत नाही, प्रत्येकाची जाडी व्हर्नियरने बघावी लागते. वरून चढवलेला पाटा ओळखू येतो: त्याची जाडी वेगळी असते, टोकं वेगळ्या पद्धतीने कापलेली असतात, कमान बाकीच्यांशी जुळत नाही, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याच गाडीचा, टोकं गॅसने कापून आखूड केलेला असतो. काढायचा तो हा. दुसरा पाटा, म्हणजे मेन पाट्याच्या डोळ्यापर्यंत (टोकाच्या वळवलेल्या भोकापर्यंत) जाणारा, कधीही काढू नका. मेन पाटा तुटला तर अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायला तोच उरतो. हेल्परचे पाटेही मूळचे असतील तर राहू द्या. ते रिकाम्या गाडीत काम करतच नाहीत, त्यामुळे काढून उंची कमी होत नाही, मात्र भरलेल्या गाडीचा आधार जातो.

नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे येतात: संख्येने कमी, मधे जाड आणि टोकाकडे निमुळते, एकमेकांत मोकळी जागा ठेवून बसवलेले. त्यात कुणी साधा सपाट पाटा कोंबला असेल तर तो ताबडतोब काढा. तो मधल्या मोकळ्या जागेतच घासत राहतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कमान कमी करायला पाट्यावर गॅसची ज्योत मारू देऊ नका. स्प्रिंगचं पोलाद साडेआठशे-नऊशे अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलेलं असतं, मग साडेचारशे-पाचशेच्या घरात परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. ज्योतीने एक ठिकाण लाल झालं की त्या जागेचं पाणी उतरतं. मग तिथे पाटा बसतो, नाहीतर त्याच्या शेजारच्या रेषेवर तुटतो. कमान बदलायचीच असेल तर भट्टी असलेल्या, पाटा पूर्ण तापवून परत पाणी देणाऱ्या कारखान्यातच द्या. नाहीतर योग्य कमानीचा नवा गठ्ठा घ्या.

खोलण्याआधी सुरक्षिततेचं. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चेसिसखाली दोन मजबूत घोड्या आणि पुढच्या चाकांना लाकडी पाचरी हव्यातच. सेंटर बोल्ट सोडण्याआधी गठ्ठा दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्पने किंवा मोठ्या व्हाइसमध्ये आवळा. कमान असलेले पाटे दाबून धरलेले असतात, नट सुटला की ते उसळतात. माणसांची बोटं यात गेली आहेत.

सेंटर बोल्ट आणि यू-क्लॅम्प

सेंटर बोल्ट ओझं उचलायला नसतोच. त्याचं काम पाटे एका ओळीत ठेवणं आणि खालच्या डोक्याने अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या भोकात बसून अ‍ॅक्सलची जागा ठरवणं. गाडी ओढताना आणि ब्रेक मारताना येणारा सगळा रेटा यू-क्लॅम्पच्या आवळणीवर तोलला जातो. वह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी घट्ट दाबला तर एकही वही सरकत नाही, पकड सैल झाली की सगळ्या घसरतात. पाट्यांचं तेच आहे. क्लॅम्प सैल झाला की पाटे पुढे-मागे सरकू बघतात आणि मधे अडकलेला बारीकसा बोल्ट कातरला जातो. त्यामुळे सेंटर बोल्ट तुटला असं कुणी सांगितलं की मी पहिला पाना यू-क्लॅम्पच्या नटाला लावतो.

तुटलेला बोल्ट टाकून देऊ नका, उजेडात धरून बघा. तोंडाचा मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत, त्यावर किनाऱ्यावर लाटेने सोडाव्यात तशा बारीक रेषा, आणि एका कडेला थोडासा चकचकीत रवाळ तुकडा: असं दिसलं तर तो एका खड्ड्यात तुटलेला नाही, बरेच दिवस थोडाथोडा चिरत आलाय. मग पाटे सुटे करून बैठकीजवळचा भाग बघा. दोन पाट्यांच्या मधे लालसर तपकिरी भुकटी आणि घासून आरशासारखे झालेले ठिपके असतील, तर तिथे पाटे एकमेकांवर घासत होते. घट्ट आवळलेल्या गठ्ठ्यात ही भुकटी तयार होत नाही.

आता मुख्य मुद्दा. मागे एक पिकअप आली होती. आधी ती खडी-वाळूला चालली होती, नव्या मालकाने ती टोमॅटोसाठी घेतली. नारायणगावच्या बाजारातून माल भरून वाशीला जायची. दुसरीकडे एक जाड पाटा काढून ती उतरवलेली होती, आणि डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा जात होता. मालक वैतागून सांगत होता, "दादा, क्लॅम्प तर लांब पाना लावून आवळलेत, दोन माणसं लटकली होती पान्याला." खरंच होतं ते. नट जराही हलत नव्हते. पण हातोडीने क्लॅम्पचे नट ज्यावर बसतात त्या खालच्या प्लेटला टिचकी मारली तर प्लेट खुळखुळली.

कारण असं. यू-क्लॅम्पच्या पायांना आटे खालच्या टोकापासून काही लांबीपर्यंतच असतात, वर साधा गोल दांडा. गठ्ठ्यातून १० मिलिमीटरचा पाटा निघाला की नटाला १० मिलिमीटर जास्त वर चढावं लागतं. आटे तिथे संपतात. नट दांड्याच्या खांद्याला जाऊन अडकतो, पाना कडक लागतो, माणसाला वाटतं आवळलं. प्रत्यक्षात नट दांड्यावर आवळला गेलेला असतो, पाटे मोकळेच. त्या गाडीत चारही नटांच्या वर दांड्यावर गोल चकचकीत खूण पडलेली होती, नट कुठे अडला ते दाखवणारी. डावी बाजू आधी जायची, कारण रस्त्याच्या उतारामुळे त्या बाजूवर ओझं थोडं जास्त आणि साइडपट्टीचे खड्डेही तिच्याच वाट्याला.

तपासायला सोपं आहे. नट सोडा, त्याच्या वर किती आटे शिल्लक आहेत बघा. आवळल्यावर नटाच्या वरही दोन-तीन आटे मोकळे दिसायला हवेत. दिसत नसतील तर तो क्लॅम्प त्या गठ्ठ्याला लांब आहे. वॉशरांची चळत घालून भागवू नका. वॉशर चेपतात आणि महिनाभरात पुन्हा सैल. गठ्ठ्याच्या नव्या उंचीला मापाचा, कारखान्यात बनलेला यू-क्लॅम्प घ्या. साधा गज तापवून वाकवलेला क्लॅम्प स्वस्त पडतो, पण तो ओझ्याखाली ताणला जातो. एकदा ताणून वापरलेला जुना क्लॅम्पही परत लावू नये. त्याची लांबी वाढलेली असते आणि आटे ओढले गेलेले असतात.

सेंटर बोल्टही नव्या उंचीचा घ्या. त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात अलगद पण न हलता बसलं पाहिजे. भोक झिजून मोठं झालं असेल तर नवा बोल्टही तिथे डुलत राहणार आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकणार. तिरक्या चालणाऱ्या गाडीचं मूळ बहुधा इथेच असतं. दोन्ही बाजूंच्या हबमधलं अंतर मोजलं होतं ना, त्यात फरक निघाला तर बैठक भरून, मशिनवर परत मापात करून घ्या. तीच गोष्ट खालच्या प्लेटची: वाकलेली प्लेट कधीच सारखी आवळत नाही.

आवळताना पाटे, बैठक आणि प्लेट तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. बैठकीवर जाड रंग किंवा ग्रीस नको. रंग नंतर चेपतो आणि तेवढीच आवळण कमी होते. चारही नट आधी हाताने, मग कर्णावर समोरासमोर, थोडेथोडे, टप्प्याटप्प्याने. शेवटचा टप्पा गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. पहिली भरलेली फेरी झाली की परत पाना लावा, ५०० किलोमीटरच्या आत आणखी एकदा. नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हा आवळण थोडी उतरतेच. या दोन फेऱ्या चुकवल्या म्हणून चांगलं काम वाया गेलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

त्या टोमॅटोच्या गाडीला आखूड क्लॅम्प, नवी प्लेट आणि मापाचा बोल्ट बसवल्यावर बोल्ट तुटणं थांबलं. पण साठच्या पुढे हादरा होता तो होताच.

हादरा

हादऱ्यासाठी लोक आधी चाकांचं बॅलन्सिंग करतात, मग शाफ्टचे क्रॉस (टोकांचे हलते सांधे) बदलतात. दोन्ही करूनही गाडी तशीच राहिली तर कोन बघा.

क्रॉसचा जॉइंट कोनात फिरला की त्याने फिरवलेला शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा फरक पुसून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे असतील तरच. एका अंशापेक्षा जास्त फरक पडला की हादरा जाणवायला लागतो.

गाडी नुसती खाली आली तर दोन्ही टोकांचे कोन बरोबरीनेच बदलतात, त्यामुळे तेवढ्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वर चढवताना घातलेल्या वस्तूंमुळे. पाटा आणि बैठक यांच्यात पाचरीसारखी निमुळती पट्टी असेल, तर ती उंच गाडीसाठी पिनियनचं नाक (शाफ्ट जिथे जोडतो ते पुढचं टोक) फिरवायला घातलेली होती. आता तिची गरज नाही. मागचा शॅकल लांब टाकलेला असेल तर पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल फिरून नाक वर जातं. शॅकल मूळ मापाचा केला की उंचीही कमी होते (शॅकल जितका आखूड केला त्याच्या साधारण निम्मी) आणि नाकही जागेवर येतं. माझ्या अनुभवात, पाटा काढण्याआधी शॅकल तपासला असता तर बऱ्याच गाड्यांचे पाटे खोलावेच लागले नसते.

दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं सेंटर बेअरिंग बघा. वर चढवलेल्या गाडीत त्याचं ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामधे पट्ट्या किंवा वॉशर घालून ते खाली आणलेलं असतं. गाडी उतरली, पट्ट्या तशाच राहिल्या, की भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना जमिनीतून आल्यासारखा गडगडाट होतो, आणि वेगात हादराही बसतो. टोमॅटोच्या गाडीत हेच होतं. पट्ट्या काढल्या, हादरा गेला.

कोन मोजायला गॅरेजमध्ये अँगल मीटर नसेल तर कोनमापक आणि ओळंबा पुरतो. मोबाइलमधलं कोन दाखवणारं अ‍ॅपही चालतं, फक्त शाफ्ट आधी पुसून घ्या आणि प्रत्येक माप दोनदा घ्या. गिअरबॉक्सची मागची बाजू, शाफ्टचा प्रत्येक तुकडा आणि पिनियनची फ्लँज, हे सगळं गाडी चाकांवर असताना मोजा. घोड्यांवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेल्या मापाचा काही उपयोग नाही.

बसवायची वेळ आलीच तर निमुळत्या पट्टीची दिशा अशी: पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील आणि जाड बाजू मागे ठेवली, तर पिनियनचं नाक वर येतं. जाड बाजू पुढे ठेवली तर खाली जातं. बाजारातली अ‍ॅल्युमिनियमची नरम पट्टी भरलेल्या गाडीत टिकत नाही, पोलादाचीच घ्या.

ब्लॉकबद्दलही गोंधळ असतो. "खाली करायचा ब्लॉक" म्हणून कुणी काही विकलं तर आधी गाडीखाली वाकून बघा. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील, आणि बहुतेक पिकअपमध्ये तसेच असतात, तर ब्लॉक घातल्याने गाडी वर जाते. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून गेले असतील तरच ब्लॉकने ती खाली येते. एकावर एक दोन ब्लॉक ठेवलेले दिसले तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर नेऊ नका.

ब्रेकची दांडी

याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि जिवाशी सगळ्यात जास्त हाच खेळ आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जाते. गाडी मागून किती दबली आहे त्यावरून हा व्हॉल्व्ह ओझं ओळखतो. भरलेली असेल तर मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामी असेल तर कमी, म्हणजे हलकी चाकं जाम होत नाहीत.

पाटे वाढवून गाडी उंच केली की व्हॉल्व्हला ती कायम रिकामी वाटते. माल भरलेला असतानाही मागचा ब्रेक कमी लागतो, पुढचे पॅड लवकर झिजतात, माळशेज उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास येतो. मग कुणीतरी दांडी ओढून, वाकवून जुळवतं. तीच गाडी पुढे खाली उतरवली की उलटं होतं: व्हॉल्व्हला ती कायम भरलेली वाटते, रिकाम्या गाडीतही मागच्या चाकांना पूर्ण दाब जातो. पहिल्या पावसाच्या ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी होते. मालक म्हणतो टायर घासलेत. टायर नवे घातले तरी ती आडवी होतेच.

म्हणून उंची एक सेंटिमीटर जरी बदलली तरी व्हॉल्व्ह परत सेट करून घ्या. दांडीची लांबी किंवा स्प्रिंगचा ताण मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत मोजून लावायचा असतो. पुढे-मागे प्रेशर गेज लावणारा ब्रेकचा कारागीर मिळाला तर त्याच्याकडूनच करा. दांडी तारेने बांधून ठेवलेली दिसली तर ती तार कापा आणि आधी हे काम करून मगच गाडी रस्त्यावर न्या. ए.बी.एस. असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांत ही दांडी नसते, तो हिशोब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतो.

सेट केल्यावर मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने, कमी वेगात ब्रेक मारून बघा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत.

बाकीचं

शॉकअप: गाडी चढवताना लांब टाकले असतील तर आता ते खड्ड्यात पूर्ण मिटतात आणि आतून फुटतात. बंपचं रबर आधी टेकलं पाहिजे, शॉकअप नंतर. रबरच गायब असेल तर आधी ते घ्या.

बुश (पाट्याच्या टोकांतली रबरी नळी): हँगर आणि शॅकलचे नट गाडी चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि दोन-तीन महिन्यांत फाटतं. "बुश टिकतच नाहीत" ही तक्रार त्यातून येते.

एकच बाजू बसलेली दिसते? पाट्याला दोष देण्याआधी पुढचं बघा. पुढचं अंग मधोमध जॅकवर थोडं उचला, मग मागून मोजा. झुकाव गेला तर दोष पुढच्या सस्पेन्शनमध्ये आहे. तसाच राहिला तर मागच्या पाट्यात. आणि पाटे बदलायचे ते जोडीने. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला बसलेला गठ्ठा ठेवला की गाडी पुन्हा वाकडी.

हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा होज घासत तर नाहीत ना, एवढं नजरेखालून घाला.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत असलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जास्त माल भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. पाटे वाढवल्याने पासिंग वाढत नाही. जास्त माल न्यायचाच असेल तर मोठ्या पासिंगची गाडी घ्या; दीड टनाच्या चेसिस, हब आणि ब्रेकवर अडीच टन लादून ते पाट्याने भागत नाही. वाटेत हब सुटला तर समोरून येणारा दुचाकीवालाही त्यात जातो.

शेवटचं काम हेडलाइटचं. गाडी मागून खाली आली की पुढचं नाक वर होतं आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीसमोर गाडी उभी करा, उतरवण्याआधी झोताच्या वरच्या कडेची खडूने खूण करून ठेवा, काम झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर उभी करून स्क्रूने झोत खुणेवर आणा. आधीच्या मालकाने उंच गाडीसाठी दिवे वर केलेले असू शकतात, म्हणून भरलेल्या गाडीवरही एकदा बघा. केबिनमध्ये दिव्याची उंची बदलणारं चाक असेल तर भरलेल्या गाडीत ते किती आकड्यावर ठेवायचं, तेही ड्रायव्हरला तेव्हाच दाखवून द्या.